उपड्या परातीवरची कुस्ती

अकोला,
८ जानेवारी १९६७

प्रिय देवरावदादा,

जय भीम. बाबांच्या मातीनंतर आज पहिल्यांदा लिहितो आहे, म्हणजे तीन वर्षं होत आली. तेव्हा उगाच लांबण लावत नाही. मायच्या पोटात गाठ आहे. नागपूरला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि घरी न्या म्हणाले. दोन महिने, फार तर तीन. मी मान हलवली, स्टेशनवर आलो आणि दोन कप चहा प्यायलो. रडू वगैरे आलं नाही. अजून आलेलं नाही. माझं मलाच नवल वाटतं.

तू तिला इंदूबाई म्हणतोस. मी माय म्हणतो, कारण मला दुसरी आठवतच नाही. आपली खरी आई, मैना, गेली तेव्हा मी अकरा महिन्यांचा होतो आणि तू पाच-सहा वर्षांचा. तुला निदान काहीतरी आठवत असेल.

ती रोज तुझी आठवण काढते असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल, आणि ते खोटंच आहे. तू घर सोडलंस त्याला नऊ वर्षं झाली, तिनं तुझं नाव घेतलं नाही. परवा मात्र मी परात घासत बसलो होतो, तर खाटेवरून म्हणाली, "हवालदारवाला कवा येते रे?"

मी म्हटलं, "कोन हवालदारवाला?"

"येड पांघरून पेडगावले नको जाऊ," ती म्हणाली. "तुले बराबर समजते."

समजतं. तुलाही समजेल. हवालदार म्हणजे तुझं अस्वल, खाकी टोपी आणि दोन्ही बाजूंना वर वळलेल्या मिशा. माझं गाढव सरपंच होतं, फेटेवालं. तुझी कोंबडी मास्तरीणबाई, नाकावर चष्मा. माझा ससा पैलवान, लाल लंगोट. परात उपडी घालायची, तिच्यावर खडूनं गोल काढायचा, दोन जनावरं समोरासमोर उभी करायची आणि आपण दोघांनी दोन बाजूंनी काठावर बोटं वाजवायची. दोनच बोटं. परात थरथरली की ती सरकत सरकत एकमेकांना भिडायची. आडवं पडलं किंवा गोलाबाहेर गेलं की हरलं. एवढासा खेळ, पण आपण दोन वर्षं जेवण विसरून खेळलो.

तू चार जनावरं घेऊन गेलास, चार माझ्याकडे आहेत. तुझी अजून आहेत का?

एकदा येऊन जा. शनिवारी निघालास तर रविवारी संध्याकाळी परत अमरावतीला पोचशील, मास्तरांची शाळा बुडणार नाही.

तुझा,
शेषराव


अकोला,
२९ जानेवारी १९६७

प्रिय दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मायला आता भाकरी चालत नाही, पेज चालते. दिवसा मी जिल्हा परिषदेत असतो तेव्हा शेजारची गोदाबाई तिच्यापाशी बसते. गोदाबाईच्या तोंडाला कुलूप नाही, त्यामुळे मायचा वेळ जातो.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. तू गेलास त्यानंतर पंधरा दिवस मी एकटाच खेळत होतो. डावा हात तुझा, उजवा माझा. माय चुलीपाशी बसून बघायची. मग एक दिवस हात पुसत आली, तुझ्या जागी बसली आणि म्हणाली, "मले शिकव." तुझी जनावरं तर नव्हती, तेव्हा माझ्यातलीच दोन तिला दिली. दादा, तिच्याइतकं लबाड कोणी खेळलं नसेल. दहाही बोटं लावायची, वर तळहातानं थाप मारायची. मी ओरडायचो, "माय, दोनच बोटं!" ती म्हणायची, "माह्या हाताले भाकरी थापाची सवय हाये, दोन बोटानं मले येत नाही." मॅट्रिकला बसेपर्यंत आम्ही खेळत होतो. हे मी मित्रांना सांगायचो नाही.

तू तिला जे बोललास ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. मॅट्रिकचा निकाल घेऊन आलास आणि त्याच दिवशी ट्रंक बांधलीस. दारात उभं राहून म्हणालास, "माझ्या आईचा एकच फोटो होता. तो हिनं चुलीत घातला. मी या घरचं पाणीही पिणार नाही." आणि दिलेला शब्द पाळलास. बाबांच्या मातीला आलास तेव्हा माय तांब्या घेऊन उभी होती. तू नळावर जाऊन प्यायलास.

माझं एवढंच म्हणणं आहे की माणूस जायला निघालं आहे. जुनं जाऊ दे.

हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. मला ते शोभत नाही. का शोभत नाही ते पुढे कधीतरी लिहीन. आज ऑफिसच्या रजिस्टरचं काम घरी आणलं आहे.

शेषराव


मुक्काम बाळापूर,
१४ फेब्रुवारी १९६७

प्रिय दादा,

निवडणुकीच्या कामावर बाळापूरला आलो आहे. एका शाळेत मुक्काम आहे, बाकावर बसून लिहितो. घरी हे लिहिता आलं नसतं. तिथून मायची खाट दिसते.

फोटो मायनं जाळला नाही.

आता सगळं क्रमानं सांगतो. छप्पनच्या दसऱ्याला तू आणि बाबा दीक्षेला नागपूरला गेलात. मला ताप होता म्हणून मागे ठेवलंत. मी दोन दिवस रुसून बसलो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, माय कापूस वेचायला गेली आणि मी घरात एकटा होतो. म्हटलं, बाबा दीक्षा घेऊन येतील तेव्हा घरात एकही देव दिसता कामा नये. आपण सगळं आधीच साफ करून ठेवू, बाबा पाठ थोपटतील. पाच तसबिरी होत्या. मी पाचही उतरवल्या, मागचे खिळे उपटले, काचा एका बाजूला ठेवल्या, चित्रं गुंडाळून मोर्णा नदीत सोडून आलो. महादेवाच्या मागे मात्र एक छान जाड पुठ्ठा निघाला. वहीच्या पानाएवढा, दोन्ही अंगांनी वर्तमानपत्राचा कागद डकवलेला. असा पुठ्ठा मी आयुष्यात पाहिला नव्हता. तो टाकवेना. मायच्या कात्रीनं त्याचे आठ तुकडे केले.

तू दुपारी आलास. बाबा प्रवासानं दमून बाहेरच आडवे झाले. मी तुला तुकडे दाखवले, कापसाच्या जिनातल्या खोक्याचा पुठ्ठा आहे म्हणालो, आणि तू तिथेच बसून आठही जनावरं काढलीस. मी आकार कापले, पायाशी चिकणमातीच्या गोळ्या लावल्या. पहिली कुस्ती त्याच दुपारी झाली. हवालदारानं सरपंचाला पाडलं. तू एवढा हसलास की बाबा जागे झाले.

त्यांनी आत येऊन कोरी भिंत पाहिली. पाठ थोपटली नाही. खाली बसले. फोटोचं तुला त्यांनी रात्री सांगितलं, मी पांघरुणातून ऐकत होतो. नवी बायको घरात आल्यावर पहिलीचा फोटो समोर कसा टांगायचा, म्हणून त्यांनी तो कागदात मढवून महादेवाच्या मागे बसवला होता. रोज हात जोडायचे ते दोघांनाही. नागपूरहून आल्यावर स्वतःच्या हातानं काढायचा आणि आता उघड भिंतीवर लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. माझी घाई आडवी आली.

सकाळी तू मला विचारलंस, "मागचे पुठ्ठे कोणी काढले?"

मी म्हणालो, "मायनं. चुलीत घातले."

माय तेव्हा चुलीशी बसली होती, तुला आठवत असेल. तिनं फुंकणी तोंडाला लावली आणि फुंकत राहिली. ती तर त्या दिवशी घरात नव्हती. एका शब्दानं मला खोटं पाडू शकली असती. नाही पाडलं. बाबांनी तिला काही विचारलं नाही, तूही नाही. दोन वर्षं तू तिच्याशी बोलला नाहीस आणि मग गेलास.

आणि तू नसताना एका दुपारी मी सरपंचाच्या पाठीचा कागद ओला करून सोडवला. खाली ओठ होते. बाईमाणसाचे ओठ, हनुवटी आणि गळ्यातल्या मण्यांची एक सर. मग बाकीचे सोडवले. सशात हात होता, कोंबडीत लुगड्याचा काठ आणि कुंडी. तुझ्या हवालदारात डोळे आणि कपाळ. मी सगळे पुन्हा कागद डकवून बंद केले आणि तुला सांगितलं की जनावरं पाण्यात पडली, पुन्हा काढून दे. तू कुरकुरत काढून दिलीस. त्यानंतर दोन वर्षं हवालदार आणि सरपंच रोज एकमेकांना भिडत होते, आणि मी बोटं वाजवत होतो. आपण आईची झुंज आईशीच लावत होतो, आणि हे मला एकट्याला माहीत होतं.

तुला पटत नसेल तर हवालदाराच्या पाठीवर ओलं फडकं ठेव. पाण्यात बुडवू नकोस.

हे लिहून मला मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. बाहेर मतपेट्या मोजून घेत आहेत, हाक आली की जावं लागेल.

शेषराव


अकोला,
२ मार्च १९६७

दादा,

तुझं उत्तर नाही. शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं.

मायला सांगितलं. बाळापूरहून आल्यावर चार दिवस टाळलं, मग तिची वेणी घालताना पाठीमागून सांगितलं, म्हणजे तोंड बघावं लागू नये. फोटो मीच कापला, नाव तुझं घेतलं, असं.  मला वाटलं झोप लागली.

मग म्हणाली, "मले मालूम हाये."

"कवापासून?"

"खळ कोनं शिजवून देल्ली होती तुले? मीनंच त देल्ली. एवढी वाटीभर खळ पोट्टं कायले मांगते म्हून मांगं येऊन पाह्यलं. तू कागद चिकटवून राहिला होता. डोये दिसले मले तिचे."

हे मी साफ विसरलो होतो. कणकेची खळ तिनंच शिजवली होती, गरम वाटी पदरात धरून आणून दिली होती. मी तिला पतंगासाठी हवी म्हणालो होतो.

"मंग सांगितलं काहून नाही? दादाले सांगाचं होतं, बाबाले सांगाचं होतं."

"तू अकरा वर्साचा होता," ती म्हणाली. "त्यायनं तुले हानला असता. आनि तुह्यावर जल्मभर राग धरला असता. मी त सावत्रच होती. सावत्र मायले एक बोल जास्त लागला त कोनाले नवल वाटते?" मग म्हणाली, "मले वाटलं, तो मोठा वरीस दोन वरीस राग धरन आनि इसरन. एवढा लांबवन असं नाही वाटलं."

वेणी घालून झाली होती तरी मी ती पुन्हा सोडून पुन्हा घातली. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

तिला फोटो बघायचा आहे. एवढंच मागते आहे. म्हणते, "जिच्यापायी एवढं आइकलं तिले एकडाव नीट डोयानं पाहू द्या." माझ्या चारांचे कागद मी सोडवून ठेवले आहेत. डोळे तुझ्याकडे आहेत. आपले नत्थुजी सोमवारी लेकीकडे अमरावतीला जात आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो. त्यांच्याबरोबर ये. तुला यायचंच नसेल तर निदान चार जनावरं दे. पण तू ये. ती फार दिवस काढणार नाही.

शेषराव


अकोला,
१६ मार्च १९६७

दादा,

माय मंगळवारी सकाळी गेली. तार केली ती मिळाली असेल.

नत्थुजी शुक्रवारी परतले. एकटेच आले, आणि आपणहून सांगू लागले. "मास्तरनं पत्र उभ्यानंच वाचलं. मले बस म्हनाले नाही, पानी इचारलं नाही. आत गेले ते घंटाभर आलेच नाही. मंग हे आनलं आनि म्हनाले, सांभायून न्या, दुमडू नका."

पुडकं मी एकट्यानं उघडलं. मला वाटलं होतं चार जनावरं निघतील, मिशा, टोपी, चष्मा आणि जे काय ते. निघाला तो एक पांढरा ड्रॉइंगचा पुठ्ठा. त्याच्यावर आईचे चार तुकडे ज्याच्या त्याच्या जागी चिकटवलेले. वर कपाळ आणि डोळे, खाली लुगड्याचा काठ आणि कुंडी, बाजूला खांदा, खुर्चीचा पाय. मध्ये माझ्या चारांसाठी मोकळ्या जागा, बरोबर माझ्या जनावरांच्या आकाराच्या. फेट्याचं टोकसुद्धा चुकलं नाही. आणि ओठांच्या जागी पेन्सिल. काढलेलं आणि खोडलेलं, पुन्हा काढलेलं आणि खोडलेलं, इतक्यांदा की तिथला कागद लोकरीसारखा झाला आहे.

मागे तुझ्या सुरेख अक्षरात तारीख आहे. २२ जुलै १९६२.

मी बराच वेळ ती तारीख वाचत बसलो.

म्हणजे तुला पाच वर्षांपासून माहीत होतं. पुठ्ठा कोणी कापला हे माहीत होतं, म्हणजे चुलीत काही गेलं नाही हेही माहीत होतं. बाबांच्या मातीला आलास, माय तांब्या घेऊन उभी राहिली आणि तू नळावर गेलास, तेव्हाही माहीत होतं. मला तुझा राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. मग वाटलं, माहीत होतं म्हणूनच नळावर गेलास की काय. एवढं बोलून बसल्यावर तिच्या हातून पाणी घेणं तुला जमलं नसेल. मला तरी खरं सांगणं कुठे जमलं?

परात उपडी करून तिच्या उशाशी ठेवली आणि पुठ्ठा तिच्यावर ठेवला. तिनं मान वळवली.

"हे मैना हाये?"

"हो."

"ओठ कुठं हायेत इचे?"

मी सरपंच आणून जागेवर ठेवला. मग ससा, बोकड आणि म्हैस. मध्ये बारीक फटी राहिल्या, कात्रीनं जे गेलं ते गेलं. पण चेहरा झाला. दादा, मी आईला पहिल्यांदा पाहिलं. मला काही ओळखीचं वाटलं नाही. तुझं कपाळ तिच्यावर गेलं आहे, एवढं कळलं.

माय खूप वेळ बघत होती. म्हणाली, "माह्यापेक्षा लहान हाये रे ही. पोट्टीच हाये." मग विचारलं, "देवरावनं हे आत्ता केलं? तुह्यं पत्र वाचून?"

मी म्हणालो, "हो. रात्रभर बसून केलं त्यानं."

"मंग येईन तो," ती म्हणाली.

फोटोच्या पायी या घरात दोन मोठी खोटी बोलली गेली, दोन्ही माझीच. पहिल्याचं मला अजून वाईट वाटतं, दुसऱ्याचं वाटत नाही. तिनं पुठ्ठा उलटवून पाहू नये म्हणून मी तो रात्री माझ्या गादीखाली ठेवायचो.

सोमवारी संध्याकाळी तिनं तो पुन्हा मागितला. बघता बघता हात बाहेर काढला आणि परातीच्या काठावर बोटं वाजवली. दहाही वाजवायला गेली, चार-पाचच वाजली. सरपंच जरासा सरकला, ओठ वाकडे झाले. मी म्हणालो, "माय, दोनच बोटं." ती हसली. हसलीच असं मी धरून चाललो आहे. त्यानंतर काही बोलली नाही.

रडू अजून आलेलं नाही. गोदाबाई म्हणते हे बरं लक्षण नव्हे, मोकळा होऊन रड. मी बरं म्हणतो आणि कामाला लागतो. काल तिची खाट उभी केली, भांडी घासली. परात तशीच उपडी आहे.

रविवारी मायचं पुण्यानुमोदन आहे, सकाळी दहाला. पुठ्ठा मी तुला परत पाठवणार नाही आणि माझे चार तुकडेही देणार नाही. ते जागेवर नुसते ठेवले आहेत, चिकटवलेले नाहीत, वारा आला की सरकतात. मी चिकटवणार नाही. खळही शिजवून ठेवणार नाही. ती तू येऊन शिजव, तिच्या चुलीवर, तिच्या भांड्यात, आणि त्याआधी तिच्या माठातलं पाणी पी. कणीक डब्यात आहे.

शेषराव